नदीवर तरंगलेली तपासणी

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही,” अमॉस टटल म्हणाला आणि दुकानातल्या शेगडीपुढे त्याने खुर्ची अशी ओढली, की निघायच्या बेतात असलेल्यांची वाटच अडली. “बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल.”

चाळीस वर्षं शाळेचा शिपाई म्हणून राबलेला माणूस. त्याला उठवणार कोण? विषयही त्याच्याच घरचा निघाला होता. शाळेच्या तपासणीचे छापील तक्ते आले होते. खिडक्या किती, पुस्तकं किती, शिक्षक कुठवर शिकलेले. दुकानदार मर्फी वैतागून म्हणाला होता, “सरकारची सक्ती नाही, काही नाही. आपणहून अर्ज करून परीक्षकाला घरी बोलवायचं, हा कुठला शहाणपणा?”

“तीच तर नवलाची गोष्ट आहे, बाबा,” अमॉस म्हणाला. “कोणी सांगितलेलं नव्हतं, तरी आम्ही बोलावलं.”

गोष्ट अठराशे चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यातली होती. तोवर विद्यापीठात जायचं तर पोराने दोन दिवसांचा प्रवास करून परक्या दालनात परीक्षा द्यायची. मग विद्यापीठाने कळवलं, ज्या शाळेला वाटेल तिने आम्हाला बोलवावं. आमचा प्राध्यापक येईल, दिवसभर मागच्या बाकावर बसेल. शाळा पसंत पडली तर तिच्या मुलांना परीक्षा नाही, शाळेची नुसती चिठ्ठी पुरे. शाळेच्या शिक्षिका व्हॅन्सबाईंनी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं, कारण त्यांच्या वर्गात हाने सोरेन्सन होती. लाकूड कापायच्या गिरणीतल्या करवतींना धार लावणाऱ्या सोरेन्सनची मुलगी. बाप म्हणायचा, “प्रवेश नक्की असेल तर जा. नशीब बघायला एवढ्या लांब पाठवणार नाही.”

प्राध्यापक यायचे त्याच्या आधीच्याच आठवड्यात गावाने शाळेची लाकडी इमारत हलवायला काढली. नव्या जागेसाठी गोठलेली नदी ओलांडायची होती. इमारतीखाली पाइनचे जाड ओंडके घसरपट्टीसारखे बांधले, बारा घोडे जुंपले. शनिवारी अंधार पडला तेव्हा शाळा बरोबर नदीच्या मध्यावर. रविवारी घोडा जुंपायचा म्हणजे पाद्रीबुवांची नजर कोण सोसणार? शाळा तिथेच राहिली. आणि सोमवारी सकाळी घसरगाडीतून प्राध्यापक उतरले.

“माझ्यासाठी काही मांडू नका,” ते म्हणाले. “नेहमीचा दिवस बघायचाय.”

“नेहमी नऊला भरते,” बाई म्हणाल्या. “आजही नऊलाच भरेल. अमॉस, पाहुण्यांना थंडी वाजता कामा नये.”

अमॉसने ते फारच मनावर घेतलं. मेपलची सुकी लाकडं त्याने शेगडीत अशी कोंबली, की लोखंड लाल झालं. दहाच्या सुमाराला पायाखालून ‘टक्’ असा आवाज आला. त्याने खिडकीतून पाहिलं तर गिरणीचं धुराडं हळूहळू मागे चाललेलं. गिरणी कुठे निघाली, म्हणून तो क्षणभर चक्रावला. मग उलगडा झाला. शेगडीच्या उष्णतेने बर्फाचा चौकोन सुरीने कापावा तसा सुटला होता आणि शाळेसकट प्रवाहाला लागला होता.

तो बाईंच्या कानाशी गेला. “बाई, शाळा निघाली.”

“तीन वाजेपर्यंत कुठेही जायची नाही,” बाई नजर न हलवता म्हणाल्या. “बस तिथे.”

फळ्यापाशी हाने उभी होती. त्रिकोणाची सिद्धता मांडत होती. प्रवाहाने इमारत कलंडली की ती खडू उचलायची, सरळ झाली की टेकवायची. रेघ मात्र कुठेही वाकली नाही. अमॉस आपलं पाप विसरून बघत राहिला. करवतवाल्याच्या पोरीने नदीलाच थांबायला लावल्यासारखं वाटत होतं.

बाहेर दोन्ही काठांवर गाव धावत आलं होतं, दोर घेऊन, ओरडत. अमॉसने खिडकीतून ओठांवर बोट ठेवलं. आत प्राध्यापक आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. मग गिरणीतली ती दांडगी माणसं, कुणी डेन्मार्कचा, कुणी आयर्लंडचा, टोप्या काढून, एक शब्द न बोलता शाळेबरोबर काठाकाठाने चालू लागली. चर्चमध्येसुद्धा अमॉसने इतकी शांतता ऐकली नव्हती.

“आणि तीन वाजता,” अमॉसने खुर्ची पुढे सरकवली, “पाण्याने वळण घेतलं आणि शाळा नव्या जागेच्या काठाला अलगद टेकली. घोड्यांची मजुरी वाचली. प्राध्यापकसाहेबांनी वही मिटली, बाईंचा हात हातात घेतला. पंधरवड्यात पत्र आलं, शाळा पसंतीच्या यादीत. इमारतीबद्दल एकच ओळ, ‘जागा हवेशीर आहे.’ हाने गेली विद्यापीठात. आणि गंमत अशी, की साहेबांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. अख्ख्या दिवसात त्या माणसाने एकदा म्हणून खिडकीबाहेर पाहिलं नाही.”

“हे खोटं आहे, अमॉसकाका.”

गल्ल्यापाशी पाठमोरी उभी राहून बटणं निवडणारी बाई वळली. करड्या टोपीखाली केसही करडे झाले होते, पण हाने सोरेन्सनला अमॉसने लगेच ओळखलं.

“बाकीचं जाऊ दे,” ती म्हणाली. “पण मी फळ्यापाशी होते, प्राध्यापक माझ्यासमोर. त्यांनी बाहेर पाहिलं. पाणी पाहिलं, काठावरची उघड्या डोक्यांची माणसं पाहिली. तोंड खडूसारखं पांढरं झालं. मग दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला आणि मला म्हणाले, ‘हं, पुढची पायरी?’”