परका हात

घड्याळजींनी फाइलची दोरी सोडली, आतले पाच कागद वेचून काढले, त्यांची चौपदरी घडी घातली आणि ती सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवली. प्रतीक्षागृहातील बाकावर शेजारी बसलेली त्यांची पत्नी हे सारे पाहत होती.

"अहो, ते कशाला काढताय?"

"राहू दे. या डॉक्टरांना दाखवायचे नाहीत."

मग ती म्हणाली, "किती वाजले?"

"मनगटावर घड्याळ आहे की तुझ्या."

"घड्याळजीच्या बायकोचं आहे ते. चालतंय थोडंच!"

ते घड्याळ आठ वर्षे पावणेचारावर थांबलेले होते. त्याआधी एकदा घड्याळजी परगावी असताना तिने ते चौकातल्या कारागिराकडून उघडून घेतले होते. आणि परक्या हाताने उघडलेले घड्याळ दुरुस्तीला घ्यायचे नाही, हा घड्याळजींचा चाळीस वर्षांचा नेम होता. झाकणाच्या स्क्रूवर केसाएवढा ओरखडा दिसला, की ते म्हणत, "ज्यांनी उघडलं, त्यांच्याकडेच न्या." पत्नीसाठीही हा नेम मोडला नव्हता. तिनेही हट्टाने ते बंद घड्याळ मनगटावरून उतरवले नव्हते.

दीड महिन्यापूर्वी जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी तिच्या स्तनातील गाठ साधी समजून कापून काढली. ती साधी नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांनी त्या शस्त्रक्रियेचे हे पाच कागद चाळले आणि शांतपणे म्हटले, "ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्याकडेच जा." आपलेच वाक्य घड्याळजी दुसऱ्याच्या मुखातून ऐकत होते. आता या तिसऱ्या डॉक्टरबाई. दाखवायचे तर यांनाच, असे जो तो सांगत होता. यांनीही परत पाठवले, तर ठोठावायला दार उरले नव्हते.

पडद्याआड तपासणी झाली. डॉक्टरबाई हात धुऊन खुर्चीत बसल्या.

"काकू, हा छेद कोणी घेतला?"

घड्याळजींनी मान खाली घातली. केसाएवढा ओरखडा ओळखणाऱ्या माणसाला एवढा मोठा व्रण डॉक्टरांना दिसेल, हे सुचलेच नव्हते.

"जुनं आहे ते," ते म्हणाले.

"काका, व्रण अजून लाल आहे. कागद कुठे आहेत?"

"हरवले."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. "गाठ पूर्ण निघाली, की कडेला काही राहिलं, हे त्या कागदांत असतं. ते नसतील तर मी चाचपडत राहणार. आणि आधीच दिवस फार गेलेत."

पत्नीने घड्याळजींकडे पाहिले नाही.

"यांच्या आतल्या खिशात आहेत," ती म्हणाली. "डाव्या."

घामाने ओलसर झालेली घडी उलगडून डॉक्टरबाई एकेक कागद सावकाश वाचू लागल्या. घड्याळजी उभे राहिले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"परत पाठवू नका हो. दुसऱ्याचा हात लागलाय, कळतं मला. पण परत पाठवू नका."

"परत कशाला पाठवू? माझ्याकडे येणारे निम्मे असेच येतात."

"मग बरी होईल ना?"

"ते आज नाही सांगता येणार." त्यांनी शेवटच्या कागदावर बोट ठेवले. "कडेला राहिलंय. काढलेली गाठ त्यांच्याकडून मागवून पुन्हा तपासू. आधी स्कॅन करा. आत्ताच."

स्कॅनच्या खोलीबाहेर परिचारिकेने अंगावरचे सारे धातू उतरवायला सांगितले. पत्नीने बांगड्या काढल्या, कानातले काढले, शेवटी घड्याळ काढून त्यांच्यापुढे धरले.

"हात लावायचा नसेल, तर रुमालात बांधून ठेवा," ती म्हणाली. हसण्याचा प्रयत्न तिच्या ओठांपर्यंतच आला.

दार लागले. वरचा लाल दिवा पेटला.

घड्याळजी बाकावर बसले. मांडीवर रुमाल पसरून त्यांनी घड्याळ पालथे ठेवले. मनगटाची ऊब अजून त्याच्यात होती. त्यांच्या खिशात सदैव भिंग आणि बारीक पेचकस असे. भिंग त्यांनी डोळ्याला लावले. चारही स्क्रूंवर कोणा अनोळखी हाताचे ओरखडे होते. ते त्यांनी बराच वेळ न्याहाळले.

मग त्यांनी त्याच ओरखड्यांवरून पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत टेकवले.