भेटू नये, मेल करावा

प्रतिभाबाईंना बाजारात सुखानं भाजी घेता येत नसे. मेथीची जुडी हातात घेतली की शेजारून आवाज यायचाच, "बाई, आमच्या राजूचं गणित कसंय?" म्हणून शाळेत कॉम्प्युटर आले आणि मुख्याध्यापकांनी ईमेलचं खूळ काढलं, तेव्हा नियम बाईंनीच हौसेनं लिहून दिले. पालकांनी शिक्षकांना रस्त्यात गाठू नये. काय ते मेलवर लिहावं. शिक्षकांनीही मेलवरच कळवावं. साल दोन हजार तीन. नाशकात अशी शाळा आपलीच पहिली, असं मुख्याध्यापक ज्याला त्याला सांगत सुटले.

आता मखमलाबादकडच्या मळेवाल्यांकडे कुठला आलाय कॉम्प्युटर? निम्म्या वर्गाचा मेलचा पत्ता एकच निघाला, नाक्यावरच्या चंदरच्या सायबर कॅफेचा. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. पण पोस्टमनसुद्धा गावभराची पत्रं वाटतोच की, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बाजार एकदम शांत झाला. बाई निवांत भाव करू लागल्या.

पुढे सातवीची स्कॉलरशिप तोंडावर आली आणि रोशनी वर्गात पेंगायला लागली. शेवंती पिकवणाऱ्या देवरामची ही पोर. स्कॉलरशिप मिळवील तर तीच, यावर बाईंची सगळी भिस्त. त्यांनी लगेच देवरामला मेल धाडला. 'रोशनी वर्गात झोपते. पहाटे तिला फुलं तोडायला लावता, हे बरं नाही. बाप असून तुम्हीच पोरीचं नुकसान करता.' कसं स्पष्ट आणि मुद्देसूद! बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

उत्तर आलं नाही. उलट रोशनीच शाळेत यायची थांबली.

बाई कॅफेवर गेल्या, तर दाराच्या काचेवर मेलच मेल चिकटवलेले.

"लोकं रोज कुठं येत्यात मॅडम?" चंदर अभिमानानं म्हणाला. "म्हणून छापून लावतो. ज्याला वाचता येत नाय, त्याला मोठ्यानं वाचून बी दाखवतो. फुकट!"

देवरामला धाडलेला मेल बरोब्बर मधोमध होता. नियम गुंडाळून बाई तडक मळ्यात गेल्या.

देवराम फुलं तोडत होता. त्यानं मान वर केली नाही. रोशनीच्या आईनं, अक्काबाईनं, पाणी दिलं. "पोरी तिला झोपाळू म्हणत्यात, बाई. अन् बापाला लोकं नाय नाय ते बोलत्यात. ती शाळेचं नावच काढू देत नाय."

"चुकलंच, देवराम," बाई म्हणाल्या. "चारचौघांत जायला नको होतं ते. पुढच्या वेळी पाकिटात घालून..."

"आण्णा मला फुलांना हात लावू देत नाहीत, बाई," दारातून रोशनी म्हणाली. "तुम्ही दिलेले स्कॉलरशिपचे पेपर सोडवत जागायची मी."

पेपर बाईंनीच तर गठ्ठ्यानं दिले होते.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही," रोशनी म्हणाली. "मी तर पहिल्याच बाकावर बसायची."