कपलीची सरकारी बिरी

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. गाईच्या कानात लोंबतो ना, तो पिवळा प्लास्टिकचा. नाक मुरडू नका! अंगावर बारा आकडे मिरवणारा दागिना तुमच्या घरच्या पेटीतही नसेल. तेव्हा माझी कहाणी जरा मानाने ऐका.

माझा जन्म यंत्रात झाला. पुढे रुंद पट्टी, मागे बसकी टिकली आणि दोघांना जोडणारा जाड देठ, असा माझा देह. देठ एकदा कानातून आरपार जाऊन पट्टीत अडकला की पुन्हा सुटत नाही. आमच्या खोक्यातल्या प्रत्येकाला वाटे, आपल्याला एखादा उमदा बैल मिळावा. मला मात्र मिळाली अड्याळजवळच्या खेड्यातली एक तांबडी गाय, कपली.

गुरांच्या डॉक्टर हर्षा मॅडम त्या दिवशी गावात आल्या होत्या. कपलीचा मालक सुखराम याने तिची शिंगे धरली, पण त्याची बायको गोदावरीबाई आडवी आली.

"गरीब ढोराच्या कानाले कायले टोचता वं बाई?"

"मावशी, ही तिची ओळख आहे. उद्या वीज पडून किंवा वाघाच्या हल्ल्यात जनावर दगावलं, तर सरकारी मदत देताना आधी हा बिल्ला पाहतात."

"मराची गोष्ट कायले काढता? माही कपली काही मरत नाही!"

बोलणे चालू असतानाच खटकन आवाज झाला आणि मी कपलीच्या कानात बसलो. बिचारी कित्येक दिवस मान झटकत होती. गोदावरीबाई तिला हळद-तेल लावी आणि मला शिव्या देई. तिच्या स्वतःच्या कानात, वरच्या पाळीला, सोन्याची बिरी होती. तिकडच्या बायका ती हौसेने घालतात. कपलीची जखम भरली, तसा बाईचा रागही निवला. मग आल्यागेल्याला तीच कौतुकाने सांगू लागली, "पाहा आमच्या कपलीची सरकारी बिरी!" मी फुगून टम्म झालो.

पुढची वर्षे मी कपलीबरोबर गाव पालथा घातला. धानाच्या बांध्या, तलावाची पाळ, जंगलाची कड, सगळे पाहिले. चिखलाने माखलो, गोचिडांना शेजारी मानले. कपलीचे वासरू तर मला चारा समजून चावे. त्या वासराच्या कानात बिल्ला घालू द्यायला गोदावरीबाई तयार नव्हती. "एकीचं टोचलं तेवढं पुरे," म्हणे. कपलीच्या दुधावर घर चाले, पण माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. दिवाळीत, गुरे पूजतात त्या गायगोधनाच्या दिवशी मात्र कपलीला न्हाऊ घालताना गोदावरीबाई मलाही राखेने घासून लख्ख करी. वर्षातून एकदा का होईना, पण राजासारखा मान!

एका वर्षी धान कापून झाले होते. कपली चरत चरत जंगलाच्या कडेला गेली आणि झुडपातून वाघ आला. पुढचे मी पाहिले, पण ते मला सांगवत नाही. गुराख्याच्या आरोळीने वाघ पळाला. कपली मात्र उठली नाही.

सुखरामने वनरक्षकाला कळवले. "आम्ही येईपर्यंत जनावर जागचं हलवू नका," असे उत्तर आले. मदत मिळाली तरच घरात दुसरी दुभती गाय येणार होती, म्हणून सुखरामने कोणालाच जवळ येऊ दिले नाही. गोदावरीबाई मात्र कपलीच्या उशाशी बसली. तिने हळदकुंकू वाहिले. घरातली बाई गेली की माती देण्याआधी तिचे दागिने उतरवतात. ही तर तिची लेकच होती. तिने कपलीच्या गळ्यातली घंटा सोडली. मग सुखराम लोकांना अडवत असताना विळ्याने कच्चकन माझा देठ कापला आणि पट्टी पदराला बांधली. टिकली मागेच राहिली, कानाच्या केसांत. बाईला ते कळले नाही. मला कळले, पण सांगणार कसा?

वनरक्षक आला, सोबत हर्षा मॅडमही आल्या. मानेवरच्या दातांच्या खुणा पाहिल्या, मातीतले पंज्यांचे ठसे पाहिले. मग वनरक्षक म्हणाला, "बिल्ला कुठे आहे?"

गोदावरीबाईने पदराची गाठ सोडली. वनरक्षकाचा चेहरा उतरला.

"कानातून काढलेला बिल्ला कसा चालेल? हा याच गाईचा, हे कशावरून?"

सुखराम बायकोकडे वळला. "काहून कापलं वं? कपली गेली, अन् आता दुसरी गायही गेली!"

"लेकीले दागिन्यासकट मातीत घालते काय कोणी?" गोदावरीबाईचा बांध फुटला. "हौसेनं घातली होती तिनं. मीनं उतरवली. मले काय मालूम, तुमाले ते कानातच पाहाचं हाये!"

मला फार वाईट वाटले. जन्मभर ओळख सांगणारा मी, आणि ऐन वेळी माझ्याच ओळखीचे वांधे! पण मित्रांनो, मी काही कच्च्या मातीचा नव्हतो. हर्षा मॅडम कपलीच्या कानाशी वाकल्या. रक्ताने चिकटलेले केस त्यांनी बाजूला सारले, आणि तिथे माझी टिकली होती, घट्ट!

"मावशी, पट्टी द्या."

त्यांनी पट्टी देठाच्या थोटकाला लावली. विळ्याचा काप तिरपा गेला होता. इकडचा उतार तिकडच्या चढाशी तंतोतंत बसला. मी पुन्हा अखंड झालो.

वनरक्षकाने गुडघे टेकून तो सांधा पाहिला. मग त्याने कानासकट माझा फोटो काढला. "गाय हीच. लिहितो," तो म्हणाला. गोदावरीबाईने मॅडमचा हात धरला आणि ती हमसून हमसून रडली.

मदत मिळाली, घरात दुसरी गाय आली. मी आता गोठ्यात, कपलीच्या घंटेशेजारी खिळ्याला लटकतो. तुमच्याकडे मागणे एवढेच, जनावराच्या कानातला बिल्ला कापू नका, उपटू नका, पडला तर लगेच नवा घालून घ्या. बोलता न येणाऱ्या जिवाची ती ओळख आहे.

परवा हर्षा मॅडम पुन्हा आल्या होत्या. कपलीचे वासरू आता कालवड झाले आहे. तिचा कान गोदावरीबाईने स्वतः धरला. "टोचा, पण हळू," म्हणाली. खटकन आवाज झाला. कालवडीने मान झटकली, तशी बाईने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि सुखरामकडे वळून म्हणाली,

"आयका जी, हे बिरी उतरवाची नाही. मेल्यावरही नाही."