पहिल्या मुठीची मालकीण

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे. पण जुनी म्हटल्याबरोबर लगेच हळहळू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारात माझा मुक्काम आहे आणि इथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मंडळी माझ्या मागून चालून गेलेली आहेत. कोणी कृषी अधिकारी झाले, कोणी प्राध्यापक झाले, कोणी घरचीच शेती नावारूपाला आणली. गंमत म्हणजे मला त्यांचे चेहरे कमी आणि पाय जास्त ठाऊक आहेत. पेरणारा माझ्या मागून चालतो ना! बुटातले पाय, चपलेतले पाय, भेगाळलेले अनवाणी पाय. ढेकळात पाऊल कसे पडते त्यावरून पोरगा कोणत्या घरातला आहे, हे मी तेव्हाच ओळखते.

माझे लाकूड याच शिवारातल्या बाभळीचे. विद्यापीठ नवे नवे होते, निम्म्या इमारतींना अजून गिलावाही झाला नव्हता, तेव्हा सूर्यभान सुताराने मला घडवले. जमिनीत रेघ पाडणारे तीन फण, त्यांना जोडलेल्या तीन पोकळ नळ्या आणि वर लाकडी वाटीसारखे चाडे. एकाने बैल हाकायचे आणि दुसऱ्याने मुठीतून चाड्यात दाणे सोडत चालायचे. ऐकायला किती सोपे! पण मूठ आवळली की तास, म्हणजे फणाने पाडलेली रेघ, रिकामे जाते आणि सैल झाली की दाण्यावर दाणा पडतो. पहिल्या वर्षाच्या भल्या भल्या हुशार पोरांची मिजास मी एका तासात उतरवली आहे.

इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला जमिनीचा एक तुकडा मिळायचा. तुकड्याच्या तोंडाशी खुंटी, खुंटीवर पत्र्याची पाटी आणि पाटीवर त्याचे नाव. प्रात्यक्षिक घेणाऱ्या व्यंकटराव सरांचा हुकूम कडक होता. आपल्या तुकड्यात मूठ आपणच धरायची. बैलांसाठी तेवढा सोबती घ्यायचा. पहिले तास मात्र एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून पेरून घ्यायची मुभा होती. ज्याचा तुकडा वेळेत पेरला जाणार नाही, त्याचे प्रात्यक्षिक गेले आणि प्रात्यक्षिकाबरोबर वर्षही गेले.

आता १९७८ सालचे सांगते. आश्रुबा नावाचा एक विद्यार्थी होता, पालमकडच्या एका वस्तीवरचा, बौद्ध घरातला. बाप लहानपणीच गेलेला. आई तानुबाई जन्मभर लोकांच्या शेतात मूठ धरायला जायची, त्यामुळे पोराची मूठही अशी सुरेख की मला नळ्यांत गुदगुल्या व्हायच्या. त्या वर्षी, आमच्या नव्हे, त्या दुसऱ्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला, त्यावरून दंगली पेटल्या आणि गावोगाव बौद्धांची घरे जाळली गेली. आश्रुबाचेही घर जळाले. तो गावाकडे गेला तो परत आलाच नाही. इकडे वसतिगृहात कालपर्यंत एका ताटात जेवणारी पोरे एकमेकांकडे बघेनाशी झाली. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण मला फार वाईट वाटले.

रब्बीच्या पेरणीचे दिवस आले. हस्ताचा पाऊस पडून गेला आणि जमिनीला वाफसा आला. वाफसा म्हणजे पेरायला हवी तेवढीच ओल. ती काही कोणासाठी थांबत नाही. काळी जमीन बघता बघता कडक होते. सगळ्यांचे तुकडे पेरून होत आले आणि आश्रुबाची पाटी तेवढी ओसाड तुकड्यावर उभी राहिली. त्याच्या खोलीत राहणारा किशन, वालूरच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, सरांकडे गेला. आश्रुबाचा तुकडा मी पेरतो म्हणाला. सर म्हणाले, तो पेरून तुझी मूठ सुधारेल, त्याचे वर्ष नाही वाचणार. तेव्हा किशनने पालमची एसटी धरली.

पुढचे मला किशनकडूनच कळले, कारण बैल हाकताना त्याच्या तोंडाला विसावा नसतो. आश्रुबा जळक्या भिंतींवर टाकायला लाकडे तासत बसला होता. घर उभे करू की ज्वारी पेरू, असे त्याने विचारले. आणि आलोच, तर माझ्यासाठी बैल कोण धरणार, असेही विचारले. मी धरतो, किशन म्हणाला. आश्रुबा लाकूड तासतच राहिला. तेव्हा तानुबाईने त्याच्या हातातले हत्यार काढून घेतले.

"घर मी बांधते," ती म्हणाली. "तू तुझा तुकडा पेर."

पोरगा वाटेतूनच माघारी फिरेल म्हणून तीही एसटीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तुकड्यावर आणले. ओल सरत आली होती, अजून एक दिवस गेला असता तर दाणा उगवला नसता. किशनने बैल जुंपले. सगळा वर्ग बांधावर जमला, मान फिरवून बसणारी पोरेसुद्धा. आश्रुबाने पहिल्या तासासाठी आईला बियाणे दिले. तिने पदराची ओटी बांधली, ज्वारी ओटीत घेतली आणि तुकड्यात न येता बांधावरच उभी राहिली. बैल उभे, किशन उभा, मी उभी. कोणाला काही उमगेना. वाफसा चाललाय, आणि ही बाई कोणाची वाट बघते आहे? शेवटी सरांनी विचारले.

"मालकीण कुठं हाय?" तानुबाई म्हणाली. "पैली मूठ मालकिणीची असती. त्या आल्या की मंग मी धरते."

जन्मभर ती अशीच बांधावर थांबली होती हो! ज्याचे शेत त्याच्या घरची बाई पहिली मूठ टाकणार, आणि मग दिवसभर उन्हात हिने पेरायचे. आश्रुबाने तिला हाताला धरून त्या पाटीपाशी नेले. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिचे बोट अक्षरांवर ठेवले.

"माय, हे माझं नाव हाय," तो म्हणाला. "ह्या तुकड्याची मालकीण तूच हायस."

तानुबाईने पदराने डोळे पुसले आणि चाड्यावर मूठ धरली. काय ती मूठ! तिन्ही नळ्यांतून दाणे असे सारखे वाहिले की किशनची बडबडही थांबली. पहिले तास पुरे करून तिने मूठ लेकाच्या हाती दिली आणि दिवस मावळायच्या आत आश्रुबाचा तुकडा पेरून झाला. त्याचे वर्ष वाचले. संध्याकाळी मान फिरवणाऱ्यांपैकी दोघे बैल सोडायला आले. सगळे आले असे मी म्हणणार नाही, मला खोटा मोठेपणा नको.

त्या वर्षापासून इथे रीतच पडली. पहिले तास विद्यार्थ्याच्या आईचे. एसटीने कुठून कुठून माउल्या येत, कोणी जमीनवाली, कोणी मजुरीवाली, आणि लेकराच्या नावाच्या पाटीशी येऊन उभ्या राहत. विद्यापीठात मोठमोठी यंत्रे आली, पण इतका मान कोणत्या यंत्राला मिळाला सांगा बरे? पुढे ट्रॅक्टरची पेरणी सुरू झाली आणि मला छपरात टाकले. धूळ बसली, एक नळी चिमण्यांनी गवत कोंबून बंद केली. मी रुसले होते, नाही कशाला म्हणू?

मग १९९४ साल उजाडले. इतक्या वर्षांनी त्या दुसऱ्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, आणि रब्बीच्या वाफशाला इथले जुने विद्यार्थी मुद्दाम जमले. आश्रुबा तेव्हा इथेच ज्वारीच्या बियाण्यावर काम करत होता. किशनराव वालूरहून आले, पोट सुटलेले, बडबड तीच. त्यांनी मला धुतले, नव्या नळ्या बसवल्या. मला रंगवून फाटकाशी चबुतऱ्यावर ठेवायचे ठरले होते, पण त्याआधी एक शेवटचे तास पेरायचे आणि पहिली मूठ तानुबाईचीच, असेही ठरले.

तानुबाई आली. पाठीत वाकलेली, पण ओटी तशीच घट्ट. टाळ्या वाजल्या. ती चाड्याशी आली आणि थबकली. ज्या तुकड्यात मला जुंपले होते तो सत्यशीला नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलीचा होता. तिची आई, राणीसावरगावची मजूर बायनाबाई, रीतीप्रमाणे पदरात बियाणे घेऊन आलेली, एकटीच बांधावर उभी होती. तानुबाईने आपली ज्वारी तिच्या ओटीत ओतली.

"ये बाई," ती म्हणाली. "थांबू नको. मालकीण तूच हायस."

मित्रांनो, मला चबुतरा नको. रंग तर नकोच नको. वर्षातून एकदा माझ्या नळ्या साफ करा आणि एक तास माझ्याकडून पेरून घ्या. आणि बैल जुंपल्यावर एकदा बांधाकडे बघत जा. तिथे कोणी बाई ओटी बांधून थांबलेली दिसली, तर आधी तिला आत बोलवा.