भिंतीवरचे थोर पुरुष

छप्पन साली आम्ही देवळीकर एका सकाळी उठलो तर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन पडलो होतो. घर तेच, विहीर तीच, फक्त राज्य बदललं. नागपूरची राजधानी गेली म्हणून चार सुस्कारे टाकावेत, तर तेवढीही उसंत मिळाली नाही. वर्षभरात निरोप आला की नव्या राज्याच्या शिक्षणखात्याचे साहेब शाळा तपासायला येत आहेत.

"आपण जंगलात राहतो असं साहेबांना वाटता कामा नये," आमचे हेडमास्तर सदाशिवराव म्हणाले. "साऱ्या जगाचा इतिहास-भूगोल एका भिंतीवर काढा."

काढा म्हणजे मी काढायचा. शाळेतल्या मास्तरांत एकट्या माझं अक्षर बरं होतं, त्याची ही शिक्षा.

भिंतीचे पोपडे निघाले होते. ती लिंपून, चुना मारून दिली रामाजीनं आणि त्याच्या बायकोनं, भागीरथानं. दोघं शेतमजूर. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेले. त्यांची कांता आमच्या चौथीत होती, म्हणून त्यांनी मजुरी घेतली नाही. रंगाचा खर्च मात्र कापसाच्या जिनिंगवाल्या ताराचंदसेठनी उचलला आणि तिथून जगाचं वाटोळं सुरू झालं.

"मास्टरजी, ये इतनी जागा रिकामी काऊन सोडली?" सेठजींनी नकाशावर बोट ठेवलं.

"तो पॅसिफिक महासागर आहे."

"रिकामाच आहे ना? मग आपल्या जिनिंगचं नाव टाका."

टाकलं. जपानपासून अमेरिकेपर्यंत 'ताराचंद जिनिंग, देवळी यांजकडून सप्रेम भेट'. देवळात पंखा दिला की पात्यावर नाव घालतात, तसं. पण अख्खा महासागर भेट देणारा दाता आमच्याच गावात निघाला. खाली मी द्वीपकल्प, सामुद्रधुनी, संयोगभूमी यांच्या व्याख्या लिहिल्या. त्यांचा अर्थ सदाशिवरावांना विचारायचा नाही, एवढं शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

उजवीकडे 'जगातील थोर पुरुष'. सिकंदर, सीझर, अर्धं जग कापून काढलं म्हणून चंगीझखान, हिंदुस्थानला निघून भलतीकडेच पोचला तो कोलंबस, मग नेपोलियन, लिंकन. कोलंबस आणि नेपोलियन यांच्यामध्ये सेठजींचे वडील, कै. मूलचंदजी. ते जन्मात शेजारच्या पुलगावच्या पुढे गेले नव्हते.

यादी लिहीत होतो तेव्हा रामाजी आला.

"गुरुजी, एक नाव पाह्यजे. बुद्धाचं. माही पोरगी रोज या भितीसमोर बसते, तिले दिसलं पाह्यजे."

मी सदाशिवरावांकडे गेलो. ते म्हणाले, "बुद्ध आपलाच हो. इथं जागतिक माणसं हवीत."

"आणि मूलचंदजी?"

"ते वेगळं."

"बुद्धाचा जन्म लुंबिनीचा आहे. लुंबिनी नेपाळात येते."

"मग परदेशीच झाला की. परदेशी माणसाचं कशाला उगाच?"

हा माणूस भूगोल शिकवून पगार घेत होता. रामाजी बाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. आत न येताच म्हणाला, "आमी खैरात नाई मागून राह्यलो, साहेब. भित आमी लिपली. तिच्यावर एक नाव मागून राह्यलो."

माझं डोकं सणकलं. मी ब्रश टेबलावर ठेवला आणि हेडमास्तरांना सांगितलं की ते नाव येणार नसेल तर उरलेला आफ्रिका तुम्हीच रंगवा. साहेब परवावर आलेले, आफ्रिका अजून पांढरा. सदाशिवराव वरमले. पण वरमले तरी हेडमास्तरच. म्हणाले, "लिहा, पण सगळ्यात खाली. वर जागा नाही."

सगळ्यात खाली म्हणजे जमिनीपासून वीतभर. मी पालथा पडून ते नाव लिहिलं. कांतानं फरशीवर बसून बापाला वाचून दाखवलं. रामाजीनं एवढंच विचारलं, "इतकं खाली काऊन, गुरुजी?" त्याचा चेहरा उतरलेला पाहून मला फार वाईट वाटलं.

साहेब आले. जाड भिंगांचा चष्मा, हळू बोलणं. आमच्याकडे पद्धत अशी की साहेब हसले की हसायचं, साहेब थांबले की थांबायचं. साहेब यादी वाचू लागले, मागे सदाशिवराव, सेठजी आणि सरपंच बाबाराव ओळीनं उभे.

"हे मूलचंदजी कोण?"

"कापसाच्या जागतिक व्यापारातलं मोठं नाव, साहेब," सदाशिवराव म्हणाले.

"असं?" म्हणून साहेब पुढे सरकले. लिंकन संपला. पार तळाशी अजून काही लिहिलेलं त्यांना दिसलं, पण अक्षर लागेना. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाकले. तरी लागेना, म्हणून आणखी वाकले.

साहेब वाकले म्हटल्यावर सदाशिवराव वाकले. नेपोलियनवर एक हात टेकून, पोट सावरत ताराचंदसेठ वाकले. पागोटं पडू नये म्हणून बाबारावांनी ते काढून हातात घेतलं आणि तेही वाकले.

"गौतम बुद्ध," साहेबांनी वाचलं. मग ते तसेच वाकून माझं अक्षर न्याहाळत राहिले आणि मागची सगळी मंडळीही माना खाली घालून तशीच राहिली. दारात रामाजी आणि भागीरथा उभे होते. भागीरथानं पदर डोळ्यांना लावला.

कमरेवर हात ठेवून साहेब सरळ झाले. "हेडमास्तर, हे नाव वर घ्या. वाचायला फार वाकावं लागतं."

"उद्याच घेतो, साहेब."

दुसऱ्या दिवशी मी चुना आणि स्टूल घेऊन गेलो. मूलचंदजींना पुसून त्या जागी नाव घ्यायचं मी मनाशी ठरवलं होतं आणि त्या आनंदात होतो. रामाजी भिंतीपाशी माझी वाट पाहत बसला होता.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "खालीच राहू द्या."

"काऊन रे?"

"साहेब दरसाल येते न, जी?"