वरच्या रस्त्याचं कंत्राट

कंत्राट गेलं त्याचं मिलोयेला एवढं वाईट वाटलं नाही. ते ज्या कारणासाठी गेलं ते ऐकून मात्र त्याचं टाळकंच फिरलं. नगरपालिकेने यंदाच्या निविदेत नवी अट घातली होती, की बर्फ काढणाऱ्याचं गॅरेज खाली शहरात हवं. अहो, बर्फ पडतो वर डोंगरात. गावं वर, रस्ता वर, मिलोये वर. खाली शहरात पडते ती नुसती चिखलाची रबडी! पण शहरात गॅरेज होतं ते अध्यक्षांच्या कूमाचं. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला, पोरांचा धर्मबाप. त्याला नाही म्हणायची कोणाची छाती? त्या पठ्ठ्याने जन्मात कधी बर्फ काढला नव्हता, आणि अर्धं आयुष्य हा रस्ता उघडा ठेवणारा मिलोये मात्र बाद.

"गप्प बसलास तर तुझ्यासारखा गाढव तूच," गावच्या खानावळीत मूठ आपटून ओब्राद म्हणाला. ओब्राद त्याचा शाळेपासूनचा सोबती. त्याचं घर रस्त्याच्या टोकाला, अगदी शेवटचं. किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार टॅक्सीने शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला जायचा, पण जिभेची धार काही कमी झाली नव्हती. "मी त्या शहरात आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घेतो. तिथली हवाच अशी, की परत येईपर्यंत पुन्हा घाण होतं. राजधानीत, बेलग्रेडच्या निविदा आयोगाकडे तक्रार कर. घाल लाथ त्यांच्या ढुंगणावर!"

मिलोयेने वकील गाठली, झागोर्का नावाची. तक्रार दाखल करून बाई म्हणाली, "आता बेलग्रेडचा निकाल लागेपर्यंत नगरपालिकेला कोणाशीही करार करता येणार नाही. बसू दे अध्यक्षांना हात चोळत."

त्या संध्याकाळी खानावळीत सगळ्यांनी मिलोयेच्या नावाने राकिया, आलुबुखाराची घरची दारू, ढोसली. दिवस त्या दारूसाठी आलुबुखार उकळायचे होते, उन्हं अजून अंगाला लागत होती. मग बर्फ कोण काढणार, हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही. दुसऱ्यांचं सोडा. ज्याचा जन्म बर्फात गेला त्या मिलोयेलाही सुचू नये? रागाने माणूस किती आंधळा होतो बघा.

निकालाआधी बर्फ आला. एका रात्रीत कुंपणं गडप झाली. अध्यक्षांनी रेडिओवर गळा काढला, "आम्ही तर एका पायावर तयार आहोत हो! पण मिलोयेसाहेबांच्या तक्रारीने आमचे हात बांधलेत." धादांत खोटं. तातडीचं काम म्हणून चार दिवसांपुरता कोणीही लावता आला असता. पण त्यांना मिलोयेची जिरवायची होती, आणि त्यापायी वरची तीन गावं अडकून पडली तरी चालणार होती.

मिलोयेने वकीलबाईंना फोन केला.

"मशीनला हातसुद्धा लावू नका," त्या म्हणाल्या. "करार नसताना सार्वजनिक रस्त्यावर पातं टेकवलंत तर तुम्हीच बाद व्हाल. ते वाटच बघतायत. निकाल आज-उद्या येतोय. कळ काढा."

मिलोये खिडकीशी उभा राहून वारा ऐकत राहिला. ताजा बर्फ मशीनच्या पात्यापुढे पिठासारखा पळतो. त्याला दोन दिवस वारा लागू द्या, त्याचा दगड होतो. मग पातं बर्फात घुसत नाही, वर चढतं. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सोमवारी ओब्रादला न्यायला आलेली टॅक्सी पुलावरूनच परतली; पुलापर्यंत सरकारी हमरस्ता, तो उघडा होता, पुढे नुसता बर्फ. दुपारी ओब्रादची बायको स्तामेंका कमरेएवढ्या बर्फातून धापा टाकत आली.

"मिलोये, तेवढा पुलापर्यंत रस्ता कर रे. आजचा दिवस चुकला त्याचा."

"वहिनी, निकाल उद्या येतोय. एक दिवस कसाबसा काढा. ओब्राद काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार, डोंबल! म्हणतो, मिलोयेला सांगू नकोस, तो हरेल."

"बघा! त्याला कळतंय," मिलोये म्हणाला. स्तामेंका त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि आल्या वाटेने परत गेली.

बुधवारी ती पुन्हा आली. पाय सुजलेत म्हणाली, आडवं झालं की श्वास लागतो, आणि हेलिकॉप्टर धुक्यामुळे येत नाही. मिलोये तिच्याबरोबर गेला. ओब्राद उशांना टेकून बसला होता. चेहरा सुजून ओळखू येईना, पण हसला.

"मशीन बाहेर काढलंस तर तुझं तोंड बघणार नाही, सांगून ठेवतो. त्या हलकटांपुढे आता शेपूट घालायचं नाही."

काय सांगू, मिलोयेला चक्क सुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन त्याने बायकोला ते जसंच्या तसं सांगितलं. देसांका चुलीशी होती. तिने वळून बघितलं.

"मरणाऱ्या माणसाची परवानगी घेऊन आलास?"

त्यानंतर मिलोयेला घास गिळवेना. उजाडताच त्याने मशीन काढलं. ओब्रादला गोधड्यांत गुंडाळून शेजारी बसवलं, मागे स्तामेंका त्याचे खांदे धरून बसली. पण बर्फाचा दगड झाला होता. पातं वर चढायचं, मिलोये मागे घ्यायचा, पुन्हा धडक मारायचा. घामाने डोळे चुरचुरत होते. वकीलबाईंना, अध्यक्षांना आणि सगळ्यांत जास्त स्वतःला तो शिव्या घालत होता.

"सावकाश रे," पाणचक्कीपाशी ओब्राद पुटपुटला. "पातं मोडशील."

नंतर तो काही बोलला नाही. पूल दिसायला लागला तसा मिलोये ओरडला, "आलोच बघ, ओब्राद!" मागून स्तामेंकाचा हात त्याच्या पाठीवर पडला.

"थांबव आता," ती म्हणाली. "घाई संपली."

निकाल ओब्रादला पुरल्यावर आला. अट बेकायदा, कंत्राट मिलोयेला. अध्यक्षांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं, कायद्याचा विजय झाला म्हणाले. निर्लज्जपणाला काही सीमा?

"सही करू नकोस," देसांका म्हणाली. "स्तामेंकाला तोंड काय दाखवशील?"

"नाही केली तर कूम येतो. मग ओब्राद गेला तो कशासाठी?"

त्याने सही केली.

करारात काम लिहिलं होतं, पुलापासून शेवटच्या घरापर्यंत. शेवटचं घर म्हणजे स्तामेंकाचं. तिच्या अंगणाखेरीज तिथे मशीन वळवायला जागाच नाही. करारानंतरच्या पहिल्याच बर्फाच्या सकाळी मिलोये तिथे पोचला, तर ती फावडं घेऊन अंगणात उभी होती. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची वाट तिने मोकळी केली होती. मशीन जिथे वळतं ती जागाही तिनेच साफ केली होती, एकटीने.

तो खाली उतरला. "वहिनी, हे कशाला? मी करतो ना. माझं कामच आहे ते."

"तुझं रस्त्यापर्यंत," ती मान वर न करता म्हणाली. "इथलं मी करते. म्हणजे तुला विचारायला यावं लागत नाही."

तिने साफ करून ठेवलेल्या जागेतच त्याने मशीन वळवलं. पुढच्या बर्फालाही ती त्याच्या आधी उठून बाहेर उभी होती. त्याच्या पुढच्यालाही.

करार चार हिवाळ्यांचा होता.