गाजराचा चोथा

ज्यूसच्या कारखान्यात बावीस वर्षं माझं काम एकच. गाजराचा रस निघाला की उरलेला चोथा ट्रकमध्ये भरून फेकायला पाठवायचा. भाची म्हणाली, "मामा, मला चोथा दे, त्यातून काचेसारखं काहीतरी काढायचंय," तेव्हा मी तोंडावर हसलो. एवढी शिकली आणि माझ्याच उकिरड्यावर आली!

पण भाचीला नाही कसं म्हणणार? चोथा रोज निघायचा, पण घरी न्यायला मला सोमवारीच मिळायचा आणि ती न्यायला यायची शुक्रवारी. तोवर आंबू नये म्हणून मी तो गच्चीवर खडखडीत वाळवायचो आणि शुक्रवारी सकाळी भिजवून द्यायचो. ताजाच वाटायचा. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

तिचा प्रयोग दोनदा फसला. तिसऱ्यांदा फसला तर प्रयोगशाळा काम बंद करणार होती, दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. ती फोनवर रडत होती. "चोथ्यातले धागे सुटतच नाहीत रे मामा! वाळलेले असते तर समजलं असतं. एकदा वाळले की ते एकमेकांना असे चिकटतात की भिजवूनही सुटत नाहीत."

मी गच्चीवरचं सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मामा, तू पण ना!"

सोमवारी यंत्राखालचा चोथा तसाच ओला बादलीत घेऊन मीच प्रयोगशाळेत गेलो. दोन दिवस तिनं तो उकळला, धुतला, पांढराशुभ्र केला. बुधवारी तिचे साहेब हाताची घडी घालून उभे राहिले. यंत्र तो लगदा केसाएवढ्या फटीतून जोरानं रेटत होतं, पुन्हा पुन्हा. आधी नुसतं दुधट पाणी. मग ते दाटलं, नितळ होत गेलं. भाचीनं ग्लास भरला आणि उलटा धरला.

थेंबही पडला नाही.

"यात चोथा किती?" मी विचारलं.

"शंभरात एक भाग. बाकी पाणी."

एका भागानं नव्व्याण्णव भाग पाणी धरून ठेवलं होतं! माझे हात जोडले गेले, कुणाला ते मलाही कळलं नाही.

साहेबांनी ग्लास खिडकीशी धरला. आरपार गज दिसत होते. "काम चालू ठेवा," ते म्हणाले. "माल रोज किती मिळेल?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. आकडा मला तोंडपाठ होता.

"रोज चार ट्रक," मी म्हणालो, आणि मला रडूच फुटलं.